वुड घ्यावा आजच्या पाठीला पेलणारा

अलीकडे दवाखान्यात एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. साखर, रक्तदाब आणि गुडघे यांची चौकशी आटोपल्यावर, उठता उठता, एखादे निवृत्त गृहस्थ काहीशा संकोचाने विचारतात, "डॉक्टर, मी गोल्फ खेळलो तर चालेल का?" सोलापूरकरांच्या नित्य परिचयाचा हा खेळ नव्हे. परंतु मुलगा पुण्यात स्थायिक, मुलगी अमेरिकेत, आणि आई-वडील वर्षातले चार-सहा महिने त्यांच्याकडे, अशी घरे आपल्या शहरात आता गल्लोगल्ली आहेत. पुण्यात येरवड्याचे मैदान आहे, मुंबईत चेंबूरला १९२७ साली स्थापन झालेला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, आणि अमेरिकेत तर नगरपालिकेची मैदाने सर्वांना खुली असतात. लष्करातून निवृत्त होऊन आलेल्यांना हा खेळ आधीपासूनच ठाऊक असतो. तेव्हा या सदराने या विषयाकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही.

खेळू नका, असे मी सहसा सांगत नाही. पूर्ण १८ खळग्यांचा डाव पायी खेळल्यास सहा-आठ किलोमीटरचे चालणे सहज होते, तेही हिरवळीवर आणि सोबतीने. स्वीडनमधील सुमारे तीन लाख गोल्फ खेळाडूंच्या नोंदी तपासून २००८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचा मृत्युदर समवयस्कांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. गोल्फ खेळणारी माणसे मुळातच अधिक सुस्थितीतील असतात, हे त्या आकड्याकडे पाहताना विसरू नये. तरीही खेळाला नाव ठेवावे असे त्यात काही नाही. माझी चिंता वेगळी आहे, आणि ती खेळाच्या साहित्याविषयी, विशेषतः 'फेअरवे वुड' नावाच्या लांब काठीविषयी आहे.

नवख्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण. गोल्फच्या पिशवीत नियमानुसार जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. इंग्रजीत काठीलाही क्लबच म्हणतात. घोटाळा नको म्हणून मी काठी म्हणतो. पहिला फटका लाकडाच्या वा प्लॅस्टिकच्या छोट्या खुंटीवर, म्हणजे टीवर, चेंडू ठेवून मारतात. त्यानंतर चेंडू जिथे पडेल तिथून, थेट गवतावरून, लांब पल्ल्याचा फटका मारण्यासाठी जी काठी काढतात ती फेअरवे वुड. नाव वुड, परंतु आता तिचे डोके पोलादाचे किंवा टायटॅनियमचे असते. पूर्वी ते पर्सिमॉनच्या लाकडाचे असे. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्या कुळातले. ज्या टेंभुर्णीच्या पानांत आपल्या शहरातील हजारो बायकांनी आयुष्यभर विड्या वळल्या आणि जिच्या नावाचे गाव माढा तालुक्यात आहे, तीच ही टेंभुर्णी. १९८० च्या दशकात धातूच्या डोक्यांनी लाकूड मागे सारले. नाव तेवढे राहिले.

या वुडना क्रमांक असतात. तीन क्रमांकाच्या वुडचा पुढचा पृष्ठभाग उभ्या रेषेपासून साधारण १५ अंश मागे कललेला असतो. या कलाला लॉफ्ट म्हणतात. पाच क्रमांकाचा लॉफ्ट १८ ते १९ अंश, सातचा २१ ते २२, नऊचा २४ च्या आसपास. क्रमांक वाढतो तशी काठीची लांबीही कमी होत जाते. तीनचा वुड साधारण ४३ इंचांचा असतो, आणि पुढचा प्रत्येक त्याहून अर्धा-पाऊण इंच आखूड. दुकानदार सांगतो की तीन क्रमांकाने चेंडू सर्वांत लांब जातो. हे विधान तरुण माणसापुरते खरे आहे.

इथेच शरीरशास्त्राचा संबंध येतो. जमिनीवर स्वस्थ पडलेला चेंडू हवेत चढायचा तर दोन गोष्टी लागतात: काठीचा वेग आणि लॉफ्ट. एक कमी असेल तर दुसरी जास्त हवी. वेग येतो तो धड फिरवण्यातून. साठीनंतर पाठीच्या वरच्या भागातील मणके पूर्वीइतके वळत नाहीत, खुब्याचे सांधे आखडतात, मांड्यांचे आणि पाठीचे स्नायू घटतात. वेग आपोआप उतरतो; हा आळस नव्हे, वय आहे. अशा माणसाच्या हाती १५ अंशांची काठी दिली की चेंडू उठत नाही, गवतातून सरपटत जातो. मग माणूस काय करतो? चेंडू खालून उचलून वर ढकलण्याचा प्रयत्न करतो. वजन मागच्या पायावर जाते, कंबर मागे वाकते आणि त्याच क्षणी पिळली जाते. वाकणे आणि पिळणे एकत्र आले की कंबरेच्या मणक्यांमधील चकत्यांवर आणि मागच्या छोट्या सांध्यांवर सर्वाधिक ताण येतो. काठी चेंडूच्या आधी जमिनीवर आदळते, तो हादरा मनगट, कोपर आणि बरगड्यांपर्यंत पोचतो. हौशी गोल्फपटूंच्या तक्रारींमध्ये कंबरदुखी सर्वांत वर असते, त्याचे कारण बरेचसे इथे आहे. म्हणून लॉफ्ट किती घ्यावा, हा प्रश्न मी केवळ दुकानदारावर सोडत नाही.

एक उदाहरण सांगतो. अडुसष्ट वर्षांचे एक निवृत्त अभियंते छातीच्या डाव्या बाजूच्या दुखण्याने घाबरून आले. घरच्यांनी हृदयविकार गृहीत धरून पैशांची जुळवाजुळवही सुरू केली होती. ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या निर्दोष निघाल्या. दुखणे बगलेच्या मागच्या बाजूला, दीर्घ श्वास घेताना आणि अंथरुणात कूस बदलताना वाढणारे होते. बरगडीवर बोट ठेवताच ते कळवळले. विचारपूस केली तेव्हा समजले की मुलाने आपला जुना संच दिला होता, त्यातील तीन क्रमांकाचा ताठ दांड्याचा वुड घेऊन ते तीन आठवडे रोज सरावाच्या जागी, सिमेंटवर अंथरलेल्या चटईवरून, शंभर-शंभर चेंडू मारत होते. उजव्या हाताने खेळणाऱ्याची डावी बाजू पुढे असते, आणि अशा अति सरावाने त्याच बाजूच्या बरगडीला बारीक तडा जातो. पहिल्या एक्स-रेमध्ये तो बहुधा दिसत नाही. त्यांच्याही बाबतीत तीन आठवड्यांनंतरच्या दुसऱ्या एक्स-रेमध्ये हाड सांधत असल्याची खूण दिसली. दीड-दोन महिन्यांच्या विश्रांतीने ते पूर्ण बरे झाले.

हे वाचून कोणी छातीतील दुखण्याला 'बरगडी असेल' म्हणून घरी बसू नये. साठीपुढील माणसाच्या छातीत दुखले तर आधी हृदय तपासायचे, बरगडी नंतर. तो क्रम उलटा करण्याचा अधिकार ना रुग्णाला आहे, ना मुलांना.

आता निवडीकडे येऊ. ज्यांनी साठीनंतरच प्रथम हाती काठी घेतली आहे, त्यांना माझा सल्ला सोपा आहे. तीन क्रमांकाचा वुड घेऊच नका. एकच वुड घ्या आणि तो सात क्रमांकाचा घ्या. डोके रुंद, बसके आणि वजन तळाशी असलेले पाहा. अशा डोक्याने चेंडू थोडा चुकीच्या जागी लागला तरी उठतो. दांडा ग्रॅफाइटचा, हलका आणि लवचिक असावा. लवचिकपणासाठी दांड्यावर अक्षरे असतात: एल म्हणजे स्त्रियांसाठी, ए किंवा एम म्हणजे ज्येष्ठांसाठी, आर म्हणजे सामान्य, एस म्हणजे ताठ आणि एक्स म्हणजे अति ताठ. या अक्षरांना सर्व कंपन्यांचे मिळून एक प्रमाण नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या ए इतका मऊ असू शकतो. तेव्हा अक्षर वाचून घेऊ नये, मारून पाहून घ्यावे. पुरुषांना एल अक्षराचा दांडा घेण्यात कमीपणा वाटतो. काठीला हे कळत नाही, कंबरेला मात्र फरक कळतो.

पहिल्या वर्षी नवा महागडा संच घेण्याची गरज नाही. धातूचे डोके वर्षानुवर्षे टिकते, त्यामुळे जुन्या बाजारातला वुड चालतो. फक्त दांड्याला बारीक चीर नाही ना, आणि डोके हलवल्यावर आत काही खुळखुळत नाही ना, हे पाहावे. मूठ बहुधा कडक झालेली असते. ती बदलून घेता येते.

दोन-तीन वर्षे नियमित खेळणाऱ्यांसाठी पाच आणि सात ही जोडी उत्तम. तीन क्रमांकाचा मोह होतोच. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. सपाट गवतावरून, टी न वापरता, तीनने दहा चेंडू मारा आणि पाचने दहा. सर्वांत लांब गेलेला चेंडू विसरा. दहापैकी बहुतेक कुठे पडले ते पाहा. दोन्हींचे अंतर सारखेच आले, किंवा पाचनेच पुढे गेले, तर तीन क्रमांकाचे आपल्या पिशवीत काम नाही. ज्येष्ठांमध्ये हा निकाल फार वेळा असाच लागतो. उंच चढलेला चेंडू हवेत अधिक काळ राहतो आणि पडल्यावर लवकर थांबतो. लांब लोखंडी काठ्या, म्हणजे तीन आणि चार क्रमांकाचे आयर्न, या वयात पिशवीत ठेवण्याचे तर काहीच प्रयोजन नाही. त्यांच्या जागी नऊ क्रमांकाचा वुड किंवा हायब्रिड नावाची संकरित काठी ठेवावी. माझ्या मते सांधे दुखणाऱ्यांना वुड बरा. त्याचा रुंद तळ गवतावरून घसरतो, तर हायब्रिड वापरताना अनेकांच्या हातून चेंडूवर खाली घाव घातला जातो.

सर्वांत कठीण रुग्ण म्हणजे मुरलेला खेळाडू. तीस वर्षे छावणीच्या मैदानांवर खेळलेले, पिशवीत पोलादी दांड्याचा तीन क्रमांकाचा वुड, आणि त्याच्याशी जडलेल्या शंभर आठवणी. कौशल्य हातात आहे, वेग गेला आहे, आणि तो गेल्याचे मान्य नाही. मग वेग परत आणण्यासाठी ते अधिक जोराने फिरतात. अशांशी मी अंशांविषयी बोलत नाही, सिद्धेश्वराच्या यात्रेविषयी बोलतो. संक्रांतीला नंदीध्वजाच्या उंच काठ्या तोलून नेणारे मानकरी आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव चालतो, आणि वाटेत थकलेल्याच्या जागी दुसरा खांदा देतो. तरुणपणी काठी पेललेला माणूस सत्तरीत कडेने चालतो, हात जोडतो, आणि त्याचा मान कमी झाला असे कोणी म्हणत नाही.

हेही न पटणाऱ्यांसाठी खुद्द व्यावसायिकांचे दाखले आहेत. १९९५ च्या यूएस ओपनमध्ये कोरी पेव्हिन हा लांब फटक्यांसाठी मुळीच प्रसिद्ध नसलेला खेळाडू शेवटच्या खळग्यावर सव्वादोनशे यार्डांच्या आसपासहून चार क्रमांकाच्या वुडने मारतो, चेंडू ध्वजाजवळ थांबतो, आणि तो स्पर्धा जिंकतो. २०२० ची मास्टर्स स्पर्धा जिंकणारा डस्टिन जॉन्सन हा जगातील लांब फटके मारणाऱ्यांपैकी एक. त्याच्याही पिशवीत सात क्रमांकाचा वुड होता. सात क्रमांक म्हणजे दुबळ्यांचा, हा समज मैदानावरच मोडीत निघाला आहे. मुरलेल्या ज्येष्ठाने पाच, सात आणि नऊ अशी माळ लावावी. हाताच्या कौशल्यामुळे त्यांना फार रुंद डोक्याची गरज नसते. मध्यम आकाराचे चालते. दांडा मात्र बदलावाच. पोलादी दांडा सहज शंभर ग्रॅमच्या वर जातो, ग्रॅफाइटचा पन्नास ते सत्तर ग्रॅममध्ये येतो. शिवाय ग्रॅफाइट हादरा बराचसा गिळतो, हे कोपरदुखी असणाऱ्याला पहिल्याच दिवशी जाणवते.

मुठीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. संधिवाताने बोटांची पेरे सुजलेली असतील तर बारीक मूठ घट्ट आवळावी लागते, आणि आवळलेली मूठ हे कोपराच्या दुखण्याचे मूळ असते. डाव्या हाताने मूठ धरल्यावर मधली दोन बोटे तळव्याला जेमतेम टेकावीत. तळव्यात रुतत असतील तर मूठ बारीक आहे. संधिवात असलेल्यांनी याहूनही जाड आणि मऊ मूठ बसवून घ्यावी. खर्च थोडा, गुण मोठा. आपल्याकडील उन्हात गाडीच्या डिकीत पडलेल्या काठ्यांच्या मुठी फार लवकर कडक आणि गुळगुळीत होतात, तेव्हा काठ्या घरात ठेवाव्यात.

स्त्रियांविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे. पाळी थांबल्यानंतर हाडे विरळ होतात, आणि ज्यांच्या मणक्यांची हाडे विरळ झाली आहेत अशांना गोल्फच्या फटक्याने मणका दबल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. उंची कमी झाली असेल, पाठीला बाक आला असेल किंवा पूर्वी किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल, तर आधी हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी. ती ठीक असेल तर सात आणि नऊ क्रमांकाचे, आखूड व हलके वुड घेऊन आजीबाईंनी खुशाल खेळावे. नवऱ्याची काठी मात्र वापरू नये. ती लांब असते, आणि लांब काठीसाठी शरीर चुकीच्या जागी वळते.

आता मुलांशी दोन शब्द. वडिलांच्या पंच्याहत्तरीला गोल्फचा संच भेट देण्याची कल्पना चांगली आहे, परंतु बंद खोका देऊ नका. त्यांना दुकानात किंवा सरावाच्या जागी घेऊन जा आणि दोन-तीन काठ्या मारून पाहू द्या. आपला वापरलेला संच देणे ही काटकसर वाटते. आपण चाळिशीचे, आपला दांडा ताठ, आपली मूठ आपल्या हाताची. त्यांनी तो नाकारला तर रागावू नका. वडील संकोचाने नाकारत नाहीत, हीच खरी अडचण आहे. ते निमूटपणे वापरतात आणि दुखणे लपवतात. खेळून आल्यावर बाबा पलंगावरून उठताना कुशीवर वळून, हाताचा आधार घेत उठू लागले आहेत का, एवढे पाहिले तरी पुरे.

ज्यांना पेसमेकर बसवला आहे, ज्यांचा खुबा वा गुडघा बदलला आहे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांनी आपापल्या तज्ज्ञाने तारीख सांगेपर्यंत थांबावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. डाव चार तास चालतो आणि साखर तिसऱ्या तासाला दगा देते. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर खाली पाहताना चेंडू धूसर दिसतो आणि मान नको तशी वाकते. खेळासाठी फक्त दूरच्या नंबरचा साधा चष्मा करून घ्यावा. उन्हाळ्यात पहाटे खेळावे. सरावाला एका वेळी तीस-चाळीस चेंडू पुरेत, तेही एक दिवसाआड, आणि शक्य असेल तिथे चटईऐवजी गवतावरून. सुरुवातीची दहा मिनिटे काठी खांद्यामागे आडवी धरून हळूहळू वळावे, मगच चेंडूकडे जावे.

आणि घरात आधीच आलेल्या तीन क्रमांकाच्या वुडचे काय? तो माळ्यावर टाकण्याची गरज नाही. गवतावरून तो उठत नाही, पण बुटक्या टीवर चेंडू ठेवला की पुष्कळ ज्येष्ठांना त्याने चांगला फटका बसतो. पहिल्या फटक्यासाठी, ड्रायव्हर या सर्वांत लांब काठीऐवजी, तो जरूर वापरावा. चेंडू उडाल्यावर टी उचलायला कंबरेतून वाकू नये; काठीचा आधार घेऊन एक गुडघा टेकावा. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असणाऱ्यांनी उठताना क्षणभर थांबावे, डोळ्यांपुढची अंधारी गेली की मगच चालू लागावे.